कॅप्टन क्विलचा पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे. जन्मानं म्हणाल तर केकच्या खोक्याचं झाकण. पण मित्रांनो, माझ्यावर एका माणसाची ओळख लिहिलेली आहे, आणि तो माणूस या जगात कधी जन्मालाच आलेला नाही. त्याला आई नाही, बाप नाही, त्याच्या नावाचं थडगंही नाही. तरी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या किंग आयलंड बेटावर त्याला ओळखत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. एका गोष्टीत तो तापानं फणफणला होता, तेव्हा पाव घ्यायला आलेली माणसं आधी विचारायची, "म्हातारा कसा आहे?" इतकी वर्षं झाली, पण या गोष्टीचं मला वाटणारं नवल काही ओसरलेलं नाही.

त्याचं नाव कॅप्टन ओबेड क्विल. त्याला घडवलं हेटी बोवर नावाच्या बाईनं. हेटीची बंदराच्या चढावर बेकरी होती. दर गुरुवारी दुपारी भट्टी निवली, की मागच्या खोलीत तिघं जमायची आणि मिळून एक गोष्ट लिहायची. ती मग पावाबरोबर गावभर जायची. एक हेटी. दुसरा लॉर्न. वादळानंतर किनाऱ्यावर येऊन पडलेलं समुद्रशेवाळ ट्रकनं ओढून न्यायचं आणि वाळत टांगायचं, हा त्याचा धंदा. आवाज असा, की तो कुजबुजला तरी बंदरावर ऐकू जावं. तिसरी बर्डी, चीजच्या कारखान्यात कामाला. बोलणं थोडं, पण नियमाला पक्की.

नियम काय होता, तो आधी सांगतो. गोष्ट एकच, पण प्रत्येकाचं पात्र वेगळं. त्याची ओळख ज्यानं त्यानं एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवायची. आपलं पात्र काय करतं, काय बोलतं, ते आपण लिहायचं आणि वही पुढच्याकडे सरकवायची. दुसऱ्याच्या पात्राचा हात आपण हलवायचा नाही. त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. तुम्ही खुशाल दगड फेका, पण तो लागला की हुकला, हे ज्याचं पात्र त्यानं ठरवायचं. रविवारी चर्चला दांडी मारणारी ही माणसं, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

माझा जन्म झाला त्या दिवशी हेटीनं झाकण कात्रीनं कापलं, हात ॲप्रनला पुसले आणि लिहायला बसली. मला वाटलं, आता माझ्यावर कसली तरी किंमत टाकणार आणि दुकानात लटकवणार. पण तिनं लिहिलं, 'दिसतो कसा'. त्यापुढे लिहिलं, बुटका, रुंद, डाव्या भुवईत टाक्याची खूण, कोट दोन मापं मोठा, कारण तो मेलेल्या भावाचा. मी डोळ्यांच्या रंगाची, नाकाच्या आकाराची वाट बघत होतो. ते आलंच नाही.

"खोलीत शिरल्याशिरल्या समोरच्याच्या नजरेत भरेल तेवढंच," हेटी पुटपुटली. "बाकीचं ज्याचं त्यानं बघावं."

मग आलं 'बोलतो कसा'. सगळ्यांना पोरा म्हणतो, मग समोर बिशप असो की बिशपची आई. आभार मानायची वेळ आली की नुसता खाकरतो. चिडला की म्हणतो, 'डोक्यात कालवं भरलीत का रे, पोरा?' हे वाक्य लिहून हेटीनं घोगऱ्या आवाजात मोठ्यानं म्हणून बघितलं. मनासारखं झालं नाही म्हणून परत म्हटलं. तिसऱ्यांदा ते तिच्या तोंडून निघालं आणि मित्रांनो, खरं सांगतो, खोलीत कुणीतरी आलं. दार बंद होतं, खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी आलं. त्या दिवसापासून कॅप्टनचं कुठलंही वाक्य मोठ्यानं म्हटल्याशिवाय तिनं कधी कागदावर उतरवलं नाही.

'हवंय काय' याच्यापुढे तिनं बराच वेळ पेन टेकवलं नाही. मग लिहिलं, एकदा तरी सगळी माणसं घेऊन घरी परतायचंय. एकदा तो एकटाच परतला होता. एवढ्याच दोन ओळी. पण त्या अंगावर आल्या आणि मला वाटलं, आपण आता झाकण राहिलो नाही.

त्याखाली होतं 'काय जमत नाही', आणि तिथे एकच शब्द, 'पोहणं'. लॉर्ननं तो वाचला आणि खो खो हसत सुटला.

"जहाजाचा कप्तान आणि पोहता येत नाही? हेटी, उद्या पावाला शिवत नाही अशी बेकरीवाली आणशील!"

"अरे गाढवा," हेटी म्हणाली, "त्याला पोहता आलं तर तुझा माणूस त्याला वाचवायला कशाला उडी मारेल?"

लॉर्ननं आपला पुठ्ठा पुढे केला. त्यावर त्यानं शूर, देखणा, हुशार, ताकदवान आणि कशाला म्हणून न भिणारा असा एक वीर उभा केला होता. हेटीनं तो उलटसुलट करून पाहिला.

"हा माणूस नव्हे रे, ही दाढीच्या साबणाची जाहिरात आहे. याला कुणाची गरजच नाही. मग माझ्या कॅप्टननं याच्याशी बोलायचं तरी काय?"

लॉर्न आठवडाभर रुसला. पण पुढच्या गुरुवारी तो फिंच नावाचा एक भुरटा चोर घेऊन आला. हा फिंच अंधाराला घाबरायचा आणि खोटं बोलताना शिंकायचा. हेटीनं तो पुठ्ठा वाचला आणि लॉर्नच्या बशीत न सांगता आणखी एक मटण पॅटिस ठेवलं. तिच्या या पॅटिससाठी लोक लांबून यायचे. माझ्या कोपऱ्यावरचा तेलकट डाग त्याच दिवसाचा.

माझ्यावर शेवटची नोंद होती ती 'इतरांना मोकळीक' अशी. भिजवा, पाडा, फसवा, उपाशी ठेवा, थट्टा करा. ठार मारायचं असेल तर आधी मला विचारा. बर्डीला ही ओळ फार आवडली. तिनं आपल्याही पुठ्ठ्यावर ती उतरवून घेतली.

मग माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. भट्टीशेजारी दोरीवर चिमट्यानं मला टांगलेलं असे. लिहिता लिहिता कुणी अडलं की मान वर करून माझ्याकडे बघायचं. 'कॅप्टन इथे रडेल का गं?' असा प्रश्न निघाला की तिघंही माझ्याकडे वळायची, आणि वाटायचं, मी आता तोंड उघडून उत्तर देणार. खेळात कुणी नवं आलं की बर्डी मला खाली काढून दाखवायची. "असं लिहावं," एवढंच म्हणायची. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मी थोडा फुगलोही होतो, हे नाकारत नाही.

एकदा गोष्टीत कॅप्टनच्या भावाचा कोट समुद्रात वाहून गेला. ते पान बर्डीनं डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि चीजच्या कारखान्यात सगळ्यांसमोर रडू लागली. पाळीवरच्या बाया धावल्या. "घरी कुणी गेलं का?" असं विचारू लागल्या. आता बघा, कोट नव्हता, समुद्र नव्हता, भाऊ तर कधीच नव्हता. होती ती केकच्या झाकणावरची अर्धी ओळ, आणि डोळ्यांतलं पाणी मात्र खरं. मी त्या दिवशी थक्क झालो, तो अजून तसाच आहे.

आणि मग एका सकाळी हेटी कणीक मळता मळता टेबलाला धरून खाली बसली. तिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. विमान आलं आणि तिला मेलबर्नला घेऊन गेलं.

गोष्ट त्या वेळी कुठे आली होती, ते सांगायला हवं. जहाज खडकावर फुटलं होतं. कॅप्टन कड्यावर, लाटांच्या माऱ्यात, दोन्ही हातांनी दोर धरून उभा होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला, कड्याखाली, फिंच लोंबकळत होता. वरची वाट त्याला दिसत नव्हती. कॅप्टन सांगेल तेव्हा पाय उचलायचा, एवढंच त्याच्या हातात होतं. आणि पुढची पाळी हेटीची होती.

बेकरी बंद पडली. खोलीत दमट वास साचला. माझे कोपरे वळले, चिमट्याला गंज चढला. एक कोळी माझ्या पाठीमागे बिऱ्हाड करून राहिला. लॉर्न अधूनमधून यायचा, वही उघडायचा, मिटायचा. "माझा माणूस लोंबकळतोय गं, हेटी," असं रिकाम्या खुर्चीला सांगायचा आणि जायचा. गावातली माणसं त्याला म्हणत, अरे, लिहून टाका ना तुम्हीच पुढचं. बर्डी मान हलवायची. "तिचा हात आहे तो. आपण कसा हलवायचा?"

वारा थंड झाला तेव्हा हेटी परत आली, चाकांच्या खुर्चीत. उजवा हात मांडीवर पडून असायचा. तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. तिच्याबरोबर तिची मुलगी ग्वेन आली होती. ग्वेनला मी कधीच वाईट म्हणणार नाही. तिनं आईला न्हाऊ घातलं, भरवलं, रात्री चारदा उठून कूस बदलली. फक्त तिला घाई फार. कुणी हेटीला विचारलं, "बरी आहेस ना?" की ग्वेनच सांगायची, "बरी आहे." "चहा घेशील?" की ग्वेनच म्हणायची, "नको, आत्ताच झालाय." हेटी खिडकीबाहेर बघत बसायची.

"तिला आता काही कळत नाही, बर्डी मावशी," ग्वेन एकदा म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. पण मला दिसतंय ना. ती आत नाहीच. मी तिला मेलबर्नला नेते. माझ्या घराजवळ अशा माणसांसाठी चांगली जागा आहे. पुढच्या आठवड्याचं विमान आहे."

त्याच दिवशी तिनं मागची खोली आवरायला घेतली आणि मला ओढून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. बर्डीनं हात घालून मला बाहेर काढलं.

"हा नको टाकूस."

"हा? केकच्या खोक्याचं झाकण आहे ते."

"हा कॅप्टन आहे," बर्डी म्हणाली, आणि मला कोटाच्या आत धरून घरी घेऊन गेली.

हेटी जाणार हे ऐकून लॉर्ननं एक गोष्ट केली. वाईट हेतूनं नव्हे, मायेपोटी केली. त्यानं कॅप्टनची पाळी लिहून काढली. कॅप्टन दोर खडकाला बांधतो, आकाशाकडे बघून भाषण करतो, 'मित्रहो, तुमच्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे' असं म्हणतो, आणि लाटांच्या स्वाधीन होतो. लिहिताना लॉर्न रडला असावा, कारण पानावर शाई फुटली होती. हेटीला निरोप द्यायचा तर कॅप्टनलाही मानानं द्यावा, असं त्याच्या मनात होतं. माझ्याकडे बघून लिहायचं मात्र त्याला सुचलं नाही.

बर्डीनं पान वाचलं आणि मला त्याच्यासमोर धरलं. "इथे काय लिहिलंय? ठार मारायचं असेल तर आधी मला विचारा."

"विचारायचं कुणाला, बर्डी? तू बघतेस ना तिला?"

"तिलाच. उत्तर देवो न देवो. विचारल्याशिवाय मी हे वहीत चिकटवू देणार नाही."

म्हणून गुरुवारी दुपारी दोघं हेटीच्या घरी गेली. मी बर्डीच्या मांडीवर होतो. ग्वेननं खुर्च्या दिल्या. "वाचा तुम्ही, लॉर्न काका. तिला आवाज तरी ओळखीचा वाटेल." लॉर्ननं घसा साफ केला आणि वाचू लागला. कॅप्टननं दोर बांधला. हेटी खिडकीबाहेर बघत होती. कॅप्टननं आकाशाकडे पाहिलं. हेटीची मान हळूहळू वळली. 'मित्रहो, तुमच्या प्रेमाबद्दल मी...'

धाडकन आवाज झाला. हेटीनं डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला होता. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. आणि तिच्या तोंडातून, घोगऱ्या आवाजात, एकही अक्षर न अडखळता निघालं, "डोक्यात कालवं भरलीत का रे, पोरा?"

लॉर्नच्या हातातलं पान खाली पडलं. ग्वेन हातातली बशी ठेवून पुढे आली. मित्रांनो, मी कागदाचा आहे, मला छाती नाही. पण त्या क्षणी माझ्या आत जे काही असेल ते जागीच थांबलं. मेलबर्नच्या इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी महिनोन्‌महिने खपूनही ज्या तोंडातून 'पाणी' निघालं नव्हतं, त्या तोंडातून कॅप्टन ओबेड क्विल बोलला होता. पुढे बेटावरच्या नर्सनं समजावलं, की माणसाच्या मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली तरी गाणी, शिव्या आणि हजारदा घोळवलेली वाक्यं कधीकधी वाचतात. असेल तसं. मी तिथे होतो आणि मला कळलं ते एवढंच, की जो माणूस कधी जन्मलाच नाही, त्यानं हेटीला आतून दार उघडून दिलं.

"आई?" ग्वेन म्हणाली. "आई, तुला कळतंय? तुला सगळं कळत होतं?"

हेटीनं तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिनं डाव्या हाताची मूठ घट्ट आवळून लॉर्नपुढे धरली. दोर सुटलेला नाही, हे सांगायला आणखी काही लागत नव्हतं. लॉर्ननं पान उचललं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. एवढा थोराड माणूस, पण हुंदके आवरेनात.

बर्डीनं मला हेटीच्या मांडीवर ठेवलं. हेटीचं बोट माझ्यावरून फिरत खाली गेलं आणि 'काय जमत नाही' इथे थांबलं. बर्डीनं तिच्या डाव्या हातात पेन दिलं. अक्षरं एकमेकांवर चढत होती. बराच वेळ गेला. 'पोहणं' या शब्दाच्या खाली तिनं दुसरा शब्द लिहिला, 'बोलणं'.

मला सगळं समजलं. जहाज फुटलं त्यात कॅप्टनचेही शब्द बुडाले होते. तो पूर्वीचाच होता, त्याला सगळं कळत होतं, फक्त आता त्याला बोलणं जमत नव्हतं. आपलं दुखणं तिनं त्याच्या खांद्यावर टाकलं नाही. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

लॉर्ननं नाक पुसलं, पावाची कागदी पिशवी उलटी केली आणि आपली पाळी लिहिली. मग वाचली. "फिंच खालून ओरडला, कॅप्टन, मला वरचं काही दिसत नाही. आता काय करू?"

आता कॅप्टननं सांगायचं होतं. सगळे हेटीकडे बघू लागले. हेटीच्या कपाळावर घाम आला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. डोळ्यांत शब्द दिसत होता, पण जिभेवर येत नव्हता. ग्वेनला राहवेना.

"आई, त्याला थांब म्हणू का? की दोर घट्ट धर म्हणायचंय? की..."

"ग्वेन," बर्डी शांतपणे म्हणाली, "आमच्यात दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडात शब्द घालत नाहीत."

ग्वेनचा चेहरा पडला. ती काहीतरी बोलणार होती. मग तिनं आईकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि खुर्ची ओढून समोर बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. खिडकीत वारा शिटी घालत होता. चहा गार झाला. जन्मात कधी एका जागी गप्प न बसलेला लॉर्न श्वास रोखून बसला होता. कुणी मदत केली नाही, कुणी घाई केली नाही. आणि मग हेटी बोलली. आवाज घोगरा नव्हता. हे वाक्य माझ्यावर कुठे लिहिलेलंही नव्हतं. हा शब्द तिचा स्वतःचा होता, चिरका, अर्धा, पण तिचा.

"चढ."

"चढतो, कॅप्टन!" लॉर्न एवढ्या मोठ्यानं ओरडला, की शेजारचा कुत्रा भुंकू लागला.

पुढच्या आठवड्यातलं विमान हेटीला न घेताच उडालं. ग्वेनही त्यात नव्हती. तिनं ऑफिसला कळवलं आणि ती राहिली. मला पुन्हा दोरीवर टांगलं आहे. मी पिवळा पडलोय, एक कोपरा तुटलाय, आणि 'बोलणं' हा शब्द इतका वेडावाकडा आहे, की नवं माणूस तो दोनदा वाचतं. पण माझ्या अंगावरची सगळ्यात सुंदर अक्षरं ती आहेत, असं मला वाटतं.

मित्रांनो, तुम्हीही कधी असा एखादा माणूस कागदावर उभा कराल. त्याचं शौर्य लिहा, कोट लिहा, बोलण्याची ढब लिहा. पण त्याला काय जमत नाही, तेही मन लावून लिहा, कारण दुसऱ्यांना त्याच्याजवळ येता येतं ते तिथूनच. आणि कुणी तुमच्यासमोर शब्द शोधत असेल, मग तो कागदावरचा असो की खुर्चीतला, तर त्याचा शब्द त्यालाच सापडू द्या.

काल माझ्या शेजारी दोरीवर एक नवा पुठ्ठा आला. कोरा करकरीत आहे. ना नाव, ना चेहरा. ग्वेननं त्यावर अजून एकच जागा भरली आहे. 'काय जमत नाही' याच्यापुढे तिनं लिहिलंय, 'थांबणं'.